मॉडिफाय केलेली जुनी जीप विकायची आहे? भाव कसा काढावा आणि व्यवहार कसा करावा

हौसेने जीप सजवलेला माणूस ती विकायला काढतो तेव्हा आधी खर्चाची वही उघडतो. गाडी एवढ्याला घेतली, इंजिनकामाला एवढे, पॉवर स्टेअरिंगला एवढे, टायरला एवढे, रंगाला एवढे. खाली रेघ, बेरीज, आणि तीच मागणी. मग फोन येतात, लोक बघून जातात, आणि गाडी पत्र्याच्या शेडमध्ये तशीच उभी राहते. घेणारा तुमच्या वहीचे पैसे देत नाही. आरसीवर लिहिलंय तीच गाडी समोर आहे का, आणि तुम्ही केलेलं काम त्याच्या उपयोगी पडणार आहे का, एवढंच तो बघतो. भाव याच दोन गोष्टींवर ठरतो.

इथे मी महिंद्राच्या जुन्या जीप धरून लिहितोय: हाय बॉनेट ३बी, सीजे ५००, एमएम ५४०, एमएम ५५० आणि त्याच चेसिसवरचे जुने पिकअप. आपल्याकडे मॉडिफाय होणाऱ्या जुन्या गाड्यांत याच जास्त असतात.

आधी आरसी घेऊन गाडीखाली जा

जाहिरात, फोटो, भाव हे सगळं नंतर. आरसी आणि टॉर्च हातात घ्या आणि एकेक रकाना ताडून बघा: चेसिस नंबर, इंजिन नंबर, इंधन, सीसी, बॉडीचा प्रकार, सीटची संख्या, रंग.

चेसिस नंबर चेसिसच्या, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याच्या, लोखंडी पट्टीवर ठोकलेला असतो आणि त्यावर वर्षानुवर्षांचं ग्रीस, चिखल, कधी रंगाचे दोन-तीन थर बसलेले असतात. डिझेलचा बोळा फिरवा, मऊ ब्रशने घासा, कोरडं करा आणि वरून पांढरा खडू आडवा फिरवा. खोबणीत खडू भरला की आकडे उठून दिसतात. ग्राइंडर किंवा खरखरीत पॉलिश पेपर तिथे लावू नका. आकडा थोडा जरी पुसट झाला तरी उद्या तपासणीत नंबर खोडल्याचा संशय येतो, आणि अशा गाडीला कोणी हात लावत नाही. कोकणात किंवा गोव्यात खाऱ्या हवेत राहिलेल्या जीपची ही पट्टी गंजून आकडे खाल्लेले असतील, तर आधी आरटीओत जाऊन मार्ग काढा. तोवर विकायला काढू नका.

खरी गंमत सीसीच्या रकान्यात असते. एमएम ५४० कंपनीतून निघाली ती २११२ सीसीच्या प्यूजो डिझेल इंजिनावर. त्याचे पार्ट मिळेनासे झाल्यावर अनेकांनी बोलेरोत येणारं २५२३ सीसीचं डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) डिझेल इंजिन बसवलं. काम उत्तम, गाडी पळते छान, पण आरसीवर अजून २११२ आणि जुनाच इंजिन नंबर. ३बीचं तसंच: जन्माची पेट्रोल, पोटात डिझेल. काही गाड्यांच्या आरसीवर हा बदल रीतसर चढलेला आहे, काहींच्या नाही. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, पण भावात मोठा फरक पडतो.

जुन्या पिकअपच्या बाबतीत आणखी एक बघा. आरसीवर गाडी मालवाहू आहे की खासगी? मालवाहू असेल तर फिटनेस, कर, परमिट यांची थकबाकी काढून ठेवा. हौसेने घेणाऱ्याला बहुतेक वेळा पांढरी पाटीच हवी असते.

कायदा काय म्हणतो ते समजून घ्या

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे. कंपनीने मूळ जे ठरवून दिलंय त्याच्याशी विसंगत बदल करता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२ए आलं. नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. बुलबार (बंपरपुढचा लोखंडी गार्ड) लावण्याविरुद्ध केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलं होतं.

विक्रीच्या दृष्टीने कामांची तीन गटांत विभागणी करा. पहिला गट दुरुस्तीचा: फ्लोअरचं टिनकाम, नवं वायरिंग, बुश, पाटे. यात लपवण्यासारखं काहीच नाही. दुसरा गट रीतसर परवानगी घेऊन आरसीवर चढवलेल्या बदलांचा. तिसरा गट नोंद नसलेल्या बदलांचा: दुसरंच इंजिन, कापलेली चेसिस, बदललेली बॉडी, मडगार्डबाहेर आलेले टायर, बुलबार. हा तिसरा गट घेणाऱ्याला पहिल्याच फोनवर सांगून टाका. पुढच्या पासिंगला त्याला कळणारच आहे, आणि तेव्हा तो तुमच्या दारात येईल.

बुलबार, लाइटबार, रुंद चाकं अशा बोल्ट काढून निघणाऱ्या गोष्टी आधीच काढून मूळ सामान परत लावता आलं तर उत्तम. गॅरेजच्या कोपऱ्यात गोणीत पडलेला जुना गिअरबॉक्स, मूळ रिमा, काचेची फ्रेम भंगारात घालू नका. मूळ सामान सोबत असलेल्या जीपला गिऱ्हाईक लवकर लागतं.

"गाडी विंटेज आहे" असं जाहिरातीत सहज लिहू नका. जुलै २०२१ पासूनच्या केंद्राच्या नियमांत ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली गाडीच विंटेज म्हणून नोंदवता येते. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार केलेली ३बी वयाने बसत असली तरी त्यात बसत नाही.

गाडी कोणासाठी आहे ते ठरवा

एकच जीप चार जणांना चार भावांची वाटते. भोर-वेल्ह्याकडच्या शेतकऱ्याला लो गिअर (हळू पण जास्त ताकदीने ओढणारा), गंज नसलेली कोरडी चेसिस आणि गावातल्या मेकॅनिकला कळणारं इंजिन हवं असतं. तुमच्या साउंड सिस्टीमशी त्याला कर्तव्य नाही. चिखलात जाणारा ऑफ-रोडवाला टायर, डिफरन्शियल, ब्रेक, रोलकेज (गाडी उलटली तर आतल्यांना वाचवणारा पाइपचा पिंजरा) बघतो आणि चांगल्या कामाला चांगले पैसे देतो. जमवणारा संग्राहक मात्र मूळपण बघतो. तुम्ही लाखभर खर्चून लावलेलं सामान त्याच्या लेखी काढून टाकायचा खर्च आहे. चौथा म्हणजे रिसॉर्टवाला, लग्नाच्या वरातीला गाडी देणारा. त्याला चकचकीत रंग आणि सीट लागतात.

तुमच्या गाडीवरचं बहुतांश काम यातल्या ज्याच्या उपयोगाचं, त्याच्यासाठी भाव काढा. सगळ्यांना खूश करायला गेलात की एकही पटत नाही.

आता भाव

सुरुवात तुमच्या गाडीपासून करू नका. तुमच्या जिल्ह्यात तेच मॉडेल, साधं, चालू, कागद चोख असं कितीला सुटतं ते काढा. ओएलएक्स आणि फेसबुकवरचे आकडे मागणीचे असतात. खरा सुटलेला भाव जीपचं काम करणाऱ्या दोन-तीन मेकॅनिकना विचारा. त्यांच्या गॅरेजमध्येच निम्मे सौदे होतात आणि आकडा त्यांना माहीत असतो. ऑफ-रोड ग्रुपमधल्या जुन्या मंडळींनाही विचारा.

मग पुढची आकडेमोड करा. आकडे पद्धत कळावी म्हणून घेतलेत, बाजारभाव म्हणून नाहीत.

समजा साधी, कागद चोख असलेली एमएम ५४० तुमच्याकडे ४,००,००० ला सुटते आणि तुमचा मॉडिफिकेशनचा खर्च ३,५०,००० आहे. त्यातले १,६०,००० डिस्क ब्रेक, पॉवर स्टेअरिंग, टिनकाम, वायरिंग यावर गेले. बिलं असतील तर त्याचे निम्मे, म्हणजे ८०,००० धरा. टायरवर ८०,००० गेले, पण ते अर्ध्याहून जास्त झिजलेत, ३०,००० धरा. उरलेले १,१०,००० रंग, सीट, म्युझिक, लाइट यांचे. ही तुमची आवड होती, त्याचे १५,००० धरले तरी पुष्कळ. बेरीज ५,२५,०००. त्यातून अर्धवट राहिलेली कामं, थकलेली चलनं, जवळ आलेलं पासिंग यांचे २५,००० वजा करा. उरले ५,००,०००. मागणी ५,४०,००० ठेवा आणि ४,८०,००० च्या खाली जायचं नाही असं मनाशी पक्कं करा. तो खालचा आकडा बायकोला किंवा भावाला सांगून ठेवा, म्हणजे घासाघीस तापली तरी तुम्ही घसरत नाही.

इंजिन आरसीवर नसेल तर हे गणित कोलमडतं. आरसीशी जुळणारं इंजिन आणून बसवायचा सगळा खर्च घेणारा वजा करतो, वर जोखमीचे आणखी कापतो. अशा वेळी माझं स्पष्ट मत आहे: आधी कागद सरळ करता येतात का ते आरटीओत विचारा. नोंद होत असेल तर त्यावर घातलेले पैसे विक्रीत जसे परत येतात तसे दुसऱ्या कुठल्याच कामाचे येत नाहीत.

वेळही बघा. ऑफ-रोडवाले पावसाच्या तोंडावर शोधाशोध करतात, पितृपक्षात टोकन द्यायला कोणी धजत नाही, आणि दसऱ्याच्या आधीचे काही दिवस हौशी गिऱ्हाईकाचे असतात.

गाडी तयार करा, पण नटवू नका

ऑइलची गळती थांबवा, ब्रेक नीट करा, दिवे आणि हॉर्न चालू ठेवा, नवी बॅटरी लागत असेल तर टाका. नवा रंग देऊ नका. विकायच्या आधी ताजा रंग दिसला की जाणकार माणूस बोटाने ठोकून पुटी शोधू लागतो. चेसिसखाली काळा अंडरकोट फासला तर तो खाली गंज आहे असंच समजतो.

जाहिरात

"कडक कंडिशन, लाखो रुपये खर्च" अशा ओळी कोणी वाचत नाही. असं लिहा:

"एमएम ५४०, फोर बाय फोर, लो गिअर चालू. आरसी वैध, माझ्या नावावर, बोजा नाही. इंजिन २५२३ सीसी डीआय, आरसीवर नोंद आहे. पुढे डिस्क ब्रेक, पॉवर स्टेअरिंग, बिलं आहेत. फ्लोअर नवीन टाकला, कामाचे फोटो आहेत. हुड दोन ठिकाणी शिवलाय, पाऊस आत येतो. मूळ रिमा सोबत देईन. हीट मीटर बंद आहे. किंमत ५,४०,०००, गाडी बघून थोडं मागेपुढे."

दोष लिहिल्याने फोन कमी येतात, पण जे येतात ते घेणारे असतात. फोटोंत चेसिस खालून, इंजिन दोन्ही बाजूंनी, फ्लोअर मॅट काढून दाखवा. आरसीचा फोटो टाकताना नंबर झाका.

"मी आर्मीत आहे, गाडी न बघता घेतो, क्यूआर स्कॅन करा, पैसे येतील" असा फोन आला तर तिथेच ठेवा. पैसे घ्यायला स्कॅन करावं लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही.

गिऱ्हाईक येतं तेव्हा

इंजिन थंड ठेवा. आधीच गरम करून ठेवलेली डिझेल गाडी बघून माणूस समजायचं ते समजतो. त्याच्यासमोर सेल्फ मारा, फोर बाय फोर आणि लो गिअर टाकून दाखवा. चक्कर मारायला देताना लायसन्स बघा आणि स्वतः शेजारी बसा. त्याने मेकॅनिक आणला तर आनंदाने खाली जाऊ द्या.

पैसे आणि कागद

टोकन घेतलंत तर पावतीवर उरलेली रक्कम, शेवटची तारीख आणि ती चुकली तर टोकनचं काय, हे लिहा. २ लाख किंवा त्याहून जास्त रोख एका व्यवहारात घेणं आयकर कायद्यात बसत नाही आणि घेतलेल्या रकमेइतका दंड घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हालाच होतो. बँकेतून घ्या, आणि खात्यात जमा झाल्याशिवाय चावी देऊ नका.

नाव ट्रान्सफर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र. गाडी दुसऱ्या राज्यात जाणार असेल तर फॉर्म २८ वर एनओसी, त्यावर चेसिस नंबरची पेन्सिलछाप घेतात. खडूने नंबर साफ केल्याचं चीज इथेही होतं. दिल्लीकडचं गिऱ्हाईक असेल तर तिथले जुन्या डिझेल गाड्यांवरचे निर्बंध त्याला आधी तपासायला सांगा. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीवर महाराष्ट्रात एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबरप्लेट) पाटी बंधनकारक आहे. ती नसेल तर आरटीओतली कामं अडतात, म्हणून ती आणि ई-चलनं आधीच उरकून घ्या.

सह्या केलेले कोरे फॉर्म देऊन "तुम्ही करून घ्या" असं म्हणू नका, मग समोरचा कितीही ओळखीचा असो. फेब्रुवारी २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की अपघात झाला तर आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव मालक म्हणून आहे तोच भरपाईला जबाबदार. गाडी तुम्ही विकली, त्याने पुढे विकली, तिसऱ्याने कोणाला धडक दिली, तरी नोटीस तुमच्या घरी. विक्रीची खबर तुम्ही १४ दिवसांच्या आत आरटीओला द्यायची असते. शक्य असेल तर दोघांनी मिळून ऑनलाइन अर्ज भरून मगच गाडी हलवा. घाईचं गिऱ्हाईक असेल तर थोडी रक्कम नाव चढेपर्यंत अडकवून ठेवण्यापेक्षा अर्ज त्याच दिवशी टाकणं दोघांच्याही सोयीचं.

डिलिव्हरी नोट दोन प्रतींत करा. तारीख आणि नेमकी वेळ, किलोमीटर, दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रती, दोन साक्षीदार, आणि नोंद नसलेल्या प्रत्येक बदलाची यादी घेणाऱ्याच्या सहीनिशी. विमा स्वतःच्या नावावर करून घ्यायला त्याला १४ दिवस आहेत, हे त्याच्या कानावर घाला. फास्टॅग काढून बंद करा. आणि एमपरिवहन ॲपवर दर आठवड्याला नंबर टाकून बघत राहा. मालकाचं नाव बदललेलं दिसलं की त्याचा स्क्रीनशॉट डिलिव्हरी नोटसोबत जपून ठेवा.