जेकिल, हाइड आणि माझा फसलेला व्हायवा

एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी मी ‘डॉ. जेकिल अँड मिस्टर हाइड’ घेतलं ते निव्वळ पुस्तक बारीक म्हणून. तुम्हीही त्याच कारणाने घेतलं असेल तर लाजू नका, पण सावध राहा.

स्टीव्हन्सनची ही लघुकादंबरी 1886 सालची. डॉ. जेकिल स्वतः बनवलेलं औषध पिऊन हाइड नावाचा दुसराच माणूस होतो, ही तिची गोष्ट. मी काय केलं, तर मनोविश्लेषक फ्रॉइडने सांगितलेले मनाचे तीन भाग घेतले आणि हाइड म्हणजे ‘इड’ (आदिम वासना), जेकिल ‘इगो’ (सांभाळून घेणारा ‘मी’), त्याचा मित्र वकील अटरसन ‘सुपरइगो’ (टोकणारं मन) असा तक्ता मांडला आणि 40 पानं भरली. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, परीक्षकांनी एवढंच विचारलं, “फ्रॉइडने ही तीन भागांची मांडणी कधी केली?” 1923 साली. म्हणजे पुस्तकानंतर 37 वर्षांनी. माझ्या घशाला कोरड.

फ्रॉइड वापरूच नका असं नाही. पण तक्ता आधी आणि पुस्तक मागाहून, हे करू नका. त्या तक्त्यात जेकिल ‘चांगला’ ठरतो आणि तिथेच सगळं बिघडतं. औषधाने हाइड निखळ दुष्ट निघतो खरा, पण जेकिल होता तसाच राहतो, बऱ्यावाइटाची खिचडी. त्याला वाईट सोडायचं नव्हतंच. अब्रू सांभाळून मौज करायची होती. शेवटच्या निवेदनात तर तो म्हणतो की आपल्याला दोनच दिसले, पुढे माणसात याहून कितीतरी जण सापडतील. ही ओळ मी वाचलीच नव्हती, कारण गाईडात नव्हती. गाईडं रद्दीत घाला. आणि ‘छान आहे, टाइप करून आणा’ म्हणणारे सर प्रेमळ वाटतात, पण पानभर लाल रेघा मारणाऱ्या मॅडमच शेवटी कामाला येतात.

प्रतीकांना घाबरू नका, ती समोरच असतात. पहिल्याच प्रकरणातलं दार बघा: रंगाला फोड आलेले, ना घंटा, ना ठोठावायची कडी. कुणा भलत्याच घराचं वाटतं. नंतर कळतं, जेकिलच्या रुबाबदार घराचंच हे मागचं दार, जुन्या शवविच्छेदनगृहातून आत नेणारं. हाइड ठेंगणा का, हेही जेकिलच सांगतो: त्या बाजूला आयुष्यभर वावच कमी मिळाला होता.

आणखी एक करा. ते निवेदन घेऊन ‘मी’ आणि ‘तो’ खाली पेन्सिलीने रेघा मारा. हाइडबद्दल लिहिताना सर्वनाम मधेच पालटतं. एका जागी तर ‘मी’ म्हणवत नाही असं तो कबूलच करतो. मला याला दोन संध्याकाळी लागल्या. फेरव्हायवाला जाताना पिशवीत तेवढीच रेघा मारलेली प्रत होती.