दाभोळ खाडीकाठची भातशेती : पेरणीआधी उघाडी आणि बांध पाहून घ्या

वाशिष्ठी सह्याद्रीतून उतरते, चिपळूण मागे टाकते आणि दाभोळजवळ समुद्राला मिळते. वाट आखूड, पण गोवळकोटपासून खाली तिच्यावर भरती-ओहोटीचा अंमल चालतो. म्हणून इथल्या खारजमिनीत भात घेणाऱ्यांनी पावसाबरोबर तिथीही पाहावी. कोयनेच्या वीजगृहांतून सुटलेले पाणीही याच नदीत येते, त्यामुळे शेजारच्या खाडीवरचा अंदाज इथे जसाच्या तसा लावू नये.

मे महिन्यात खार सर्वात वर असतो. उन्हाने ओल उडते, खालचे खारे पाणी मातीतून वर चढते आणि पांढरा थर मागे उरतो. तो धुवायला पावसाच्या पाण्यासारखे दुसरे औषध नाही, मात्र धुतलेले पाणी शेताबाहेर गेले पाहिजे. त्यामुळे आत्ताचे पहिले काम उघाडीचे, म्हणजे बांधातल्या पाणी सोडण्याच्या झडपेच्या दाराचे. समोरचा गाळ काढा, सडलेल्या फळ्या बदला. भरतीला झडप घट्ट बसते का आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडते का, हे एखाद्या उधाणाला उभे राहून पाहा.

मग बांध. खेकड्यांचे बीळ नुसते तोंडाशी लिंपून भागत नाही. आतपर्यंत खणून चिकण माती ठोकून भरावी लागते. बांध उंच करायला त्याच्याच पायथ्याची माती मुळीच उचलू नका, पाया सुटतो. बाहेरची तिवर, कांदळ, चिपी ही खारफुटीची झाडे लाटांचा जोर मोडतात आणि गाळ धरून ठेवतात. ती जिथे दाट असतात, तिथे बांधावर लाटांचा मारा कमी बसतो. तोडायला कायद्याने बंदी आहेच, पण बंदी नसती तरी ती राखायलाच हवीत.

पहिले पाऊस वाया घालवू नका. शेतात वीतभर पाणी अडवा, चिखलणी करा, ते थोडे मुरू द्या आणि ओहोटीला सोडून द्या. पाऊस साथ देईल तसे हे पुन्हा पुन्हा करा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते: अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, म्हणजे बाराच्या आसपास ओहोटी. खाडीत आत भरती उशिरा पोहोचते, तेवढी वाट पाहा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटीही खोल जाते. पाणी काढायला ती चांगली, मात्र भरती चढण्याआधी झडप तपासलेली हवी.

मातीच्या संपृक्त अर्काची (माती पाण्याने पुरती भिजवून काढलेल्या पाण्याची) क्षारता 3 डेसीसायमन प्रति मीटरच्या (विद्युतवाहकतेचे माप) वर गेली की भाताचे उत्पन्न घटू लागते. सर्वात नाजूक काळ दोन: कोवळे रोप आणि फुलोरा. म्हणून रोपवाटिका उंच, गोड्या जागी करा, थोडी जादा रोपे राखा आणि लावणी खार उतरल्यावर, जास्त वयाच्या रोपांची करा. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राच्या ‘पनवेल’ मालिकेतील वाण अशाच जमिनींसाठी आहेत. जिप्सम मात्र माती तपासल्याशिवाय टाकू नका. किनाऱ्यावरच्या बहुतेक जमिनींत त्रास विरघळणाऱ्या मिठाचा असतो, आणि ते पाण्यानेच जाते.

फवारणी केलेल्या शेतातले पाणी लगेच उघाडीतून सोडू नका. खाडीत कोळंबी आणि माशांची पिल्ले वाढत असतात. त्यांच्यावर आपल्याच शेजारच्या मासेमारांचे पोट आहे. चढणीचे मासे वर येण्याच्या दिवसांत ओढ्याचे तोंड जाळ्याने बंद करणेही टाळा.

वर मुसळधार पाऊस आणि खाली उधाण एकाच वेळी आले की पुराला उतरायला वाट राहत नाही. अशा वेळी बांध फुटून खारे पाणी आत आले, तर पुढच्याच ओहोटीला ते काढा, गोडे पाणी भरा आणि पुन्हा सोडा. पीक सावरून नवी पालवी दिसेपर्यंत युरिया देऊ नका.