विकिपीडियावरच्या चरित्रातला राजकीय कल कसा ओळखावा, कसा दुरुस्त करावा

एखाद्या नेत्याचं चरित्र वाचताना आपली नजर आधी विशेषणांवर जाते. 'लोकप्रिय', 'वादग्रस्त' वगैरे. ती कोणालाही दिसतात, म्हणून लवकर काढलीही जातात. कल जास्त टिकतो तो जागेच्या वाटपात.

१. म्हणून आधी अनुक्रमणिका पाहा. तीस वर्षांची कारकीर्द दोन परिच्छेदांत आणि एका भाषणावरचा वाद सहा परिच्छेदांत असेल, तर प्रत्येक वाक्य खरं असूनही लेख झुकलेला आहे. उलटही घडतं: खटला एका ओळीत उरकलेला, सत्कारांची यादी मात्र लांबलचक. तटस्थतेचं धोरण दोन्ही बाजूंना निम्मी-निम्मी जागा मागत नाही. विश्वासार्ह स्रोतांनी एखाद्या मुद्द्याला जितकं वजन दिलं, साधारण तितकंच लेखात असावं, एवढंच ते सांगतं. प्रस्तावनेकडे जास्त बारकाईने पाहा, कारण घाईतला वाचक तिथेच थांबतो.

२. क्रियापदं तपासा. एकाने 'स्पष्ट केलं' आणि दुसऱ्याने 'दावा केला', असं का? 'म्हणाले' पुरतं.

३. संदर्भ उघडून वाचा. ही पायरी कंटाळवाणी आहे, पण सगळ्यात जास्त इथेच सापडतं. वाक्यात 'दोषी' आणि बातमीत फक्त 'आरोप', अशी तफावत असते. पक्षाचं मुखपत्र किंवा मतप्रदर्शनाचा लेख वस्तुस्थितीचा पुरावा म्हणून दिलेला असतो.

४. 'इतिहास' आणि 'चर्चा' ही पानं पाहा. मजकूर कधी आला, कधी गायब झाला, ते कळतं. २००६ साली अमेरिकेत काँग्रेस सदस्यांच्या कार्यालयांतून त्यांचीच चरित्रं बदलली गेल्याचं उघड झालं, ते अशाच नोंदींमधल्या आयपी पत्त्यांवरून (इंटरनेट जोडणी ओळखण्याचे क्रमांक).

५. हात लावण्याआधी तेच वाक्य मनातल्या मनात तुमच्या नावडत्या नेत्याच्या लेखात घालून वाचा. तिथे ते योग्य वाटलं, तर दोष वाक्याचा नसून आपल्या आवडीचा असू शकतो.

६. आता दुरुस्ती. जिवंत व्यक्तीबद्दलचा बदनामीकारक आणि संदर्भहीन मजकूर लगेच काढा, चर्चेची वाट पाहू नका. २००५ मध्ये जॉन सीगेनथॅलर या पत्रकाराचं नाव केनेडी बंधूंच्या हत्यांशी जोडणारा खोटा मजकूर सुमारे चार महिने तसाच राहिला होता. जिवंत व्यक्तींसाठीचे नियम त्यानंतर कडक झाले. इतर बदल छोटे ठेवा आणि प्रत्येकाला स्रोत व कारण जोडा. तुम्ही त्या पक्षाचं काम करत असाल, तर स्वतः बदल न करता चर्चापानावर सुचवा आणि आपला संबंध उघड सांगा.

७. कोणी बदल उलटवला तर पुन्हा उलटवू नका. इंग्रजी विकिपीडियावर एकाच पानावर २४ तासांत ३ पेक्षा जास्त वेळा असं केल्यास संपादनबंदी येऊ शकते. चर्चापानावर स्रोत मांडा आणि तिसऱ्या संपादकाचं मत मागवा.