चाक शेवटी घ्या

वागळे इस्टेटमधल्या आमच्या गाळ्यावर दर रविवारी कुणी ना कुणी नवीन येतं आणि आल्या आल्या कुंभाराच्या चाकापाशी जाऊन उभं राहतं. माझंही तसंच झालं होतं. तेव्हा मी महापेच्या एका कंपनीत हिशेब बघायचे आणि शनिवारी चाक शिकायला जायचे. आठ महिन्यांनी वाडगा न डगमगता वर यायला लागला, तेव्हा वाटलं, आलं आपल्याला. त्यालाही आता पाच वर्षं झाली. आज आठवड्यातला जेमतेम दीड दिवस मी चाकावर असते. बाकी वेळ माती मळण्यात, वाळवण्यात, भट्टी भरण्यात, भट्टीतल्या शेल्फवर सांडलेलं ग्लेझ (भांड्यावरचा काचेसारखा लेप) घासण्यात आणि कुरियरच्या खोक्यात वर्तमानपत्राचे बोळे कोंबण्यात जातो. सिरॅमिकच्या कामात शिरायचा विचार असेल, तर आधी या बाकी वेळाबद्दल ऐका.

पहिली मोठी ऑर्डर घोडबंदर रोडवरच्या एका कॅफेची होती. चाळीस ताटल्या, जुलैअखेर. आपल्याकडे जुलैत टॉवेल वाळत नाही, तिथे ताटली काय वाळणार! मी अक्कल चालवली आणि पंखा लावला. दोन तासांत काठ पांढरे पडले, मधली माती ओलीच. वाळलेला काठ आकसतो, ओला मध्य आकसत नाही, मग ताटलीची होडी होते. त्या होड्या मी हाताने दाबून सरळ केल्या. दिसल्याही सरळ. भट्टीतून बाहेर आल्या त्या पुन्हा वाकून. मातीला आठवण असते असं या कामातली जुनी माणसं म्हणतात, ते मला कवितेसारखं वाटायचं; त्या दिवशी हिशेबासारखं वाटलं. चाळीसपैकी तेवीस हाती लागल्या.

आता ताटल्या जिप्सम बोर्डाच्या दोन फळ्यांमध्ये ठेवते, काठाला प्लास्टिकची पट्टी गुंडाळते, रोज उलटवते. दहा-बारा दिवस लागतात. जून ते सप्टेंबर मोठ्या ताटल्यांची ऑर्डर घेतच नाही, कप करते. भांडं वाळलंय का हे डोळ्यांनी ठरवू नका, गालाला लावा. गार लागलं तर आत पाणी आहे. ते पाणी १०० अंशांला वाफ होऊन बाहेर पडायला बघतं, भांडं फुटतं आणि तुकडे शेजारच्या भांड्यांवर जातात. म्हणून पावसाळ्यात भट्टी रात्रभर ८०-९० अंशांवर ठेवून सकाळी पुढे चढवते.

भट्टी दोनदा लागते. पहिली साधारण १००० अंशांची, तिला बिस्क म्हणतात. त्यात माती पक्की होते, पण पाणी पिते, म्हणून ग्लेझ धरते. दुसरी माझ्याकडे १२२० ते १२४० अंशांची. बिस्कमधून निघालेलं प्रत्येक भांडं मी बोटाने वाजवते. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द आवाज आला तर कुठेतरी चीर आहे. गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी तपासली आणि नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं, ती गोष्ट लहानपणी ऐकली होती. ती कुंभाराच्या रोजच्या सवयीतून आलीय हे गाळ्यावर कळलं. आणखी एक आकडा लक्षात ठेवा: ५७३ अंश. या तापमानाला मातीतल्या क्वार्ट्झची रचना बदलते आणि त्याचं आकारमान एकदम हलतं. निवताना इथे घाई झाली की भांडं तडकतं. उत्सुकतेपोटी झाकण किलकिलं करणाऱ्यांचे कप इथेच जातात.

माती कोणती, हेही विचारून घ्या. भिवंडीकडच्या एका वीटभट्टीवरून मी हौसेने लाल माती आणली, चार वाट्या केल्या आणि स्टोनवेअरच्या, म्हणजे जास्त तापमानाला भाजायच्या मातीच्या, कपांबरोबर १२२० अंशांवरच्या भट्टीत घातल्या. विटेची माती एवढा ताव सोसत नाही, तिच्यातलं लोह तिला लवकर वितळवतं. सकाळी शेल्फवर चॉकलेटी काचेचं थारोळं होतं. शेल्फ गेला. ते ढेकूळ आता विजेच्या बिलांवर वजन म्हणून ठेवलंय, जागा योग्यच आहे.

आकसण्याचं गणित तर सगळ्यांनाच फसवतं. माझी माती ओल्यापासून शेवटच्या भट्टीपर्यंत १२ टक्के आकसते. ऐकायला थोडं वाटतं, पण ती घट लांबी, रुंदी आणि उंची तिन्हीकडून होते, म्हणजे आतली जागा जवळपास एक तृतीयांश जाते. २०० मिलीचा कप हवा असेल तर ओला कप ३०० मिलीच्या आसपास करावा लागतो. माझा पहिला चहाचा सेट बघून आई म्हणाली, “भातुकली छान झालीय गं.”

शिकायचं कुठे? मुंबईत सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये सिरॅमिक शिकवतात. पुदुच्चेरीला रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी १९७१ मध्ये गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली. देशातल्या कितीतरी स्टुडिओ पॉटर्सची सुरुवात तिथली. आणि फार लांब कशाला, २०१३ मध्ये पद्मश्री मिळालेले ब्रह्मदेव राम पंडित यांचं काम आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या भाईंदरचं. बिहारमधल्या कुंभार घरात जन्मलेला माणूस स्टोनवेअर आणि ग्लेझपर्यंत कसा पोचला, हे त्यांची भांडी जवळून पाहिली की थोडंफार उमगतं. दोन दिवसांची वर्कशॉप्स मजेची असतात, पण त्यांत भट्टी दुसरंच कुणी लावतं. जिथे भट्टी भरायला मिळेल तिथे फुकट राबावं लागलं तरी जा.

सुक्या मातीच्या आणि ग्लेझच्या धुळीत सिलिका असते. ती वर्षानुवर्षं फुप्फुसात साठते. गाळ्यात झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. ग्लेझ कालवताना एन-९५ मास्क. खायच्या भांड्यांना शिशाचं ग्लेझ नकोच. नवीन ग्लेझ केलं की मी लिंबाची फोड त्यावर रात्रभर ठेवते. सकाळी रंग फिका पडला तर ते भांडं फुलदाणी होतं. त्यात लोणचं कुणी घालायचं नाही.

आता पैसे. नोकरी मी तीन वर्षं सोडली नव्हती, तुम्हीही सोडू नका. घरात सिंगल फेजवर चालणारी छोटी भट्टी चाचणीच्या तुकड्यांपुरती ठीक. पोटापाण्याच्या भट्टीला थ्री फेज हवं, म्हणून गाळा. तो आम्ही तिघींनी मिळून घेतलाय. १२२०-१२४० अंशांच्या एका भट्टीला माझे ५५ ते ६० युनिट जातात. कप मी ६५० रुपयांना विकते आणि प्रदर्शनात दर तासाला एकजण तरी म्हणतं, “एवढे?” फुटलेल्या, वाकलेल्या मालाची किंमतही त्याच कपात धरलेली असते, हे दरवेळी समजावत बसत नाही.

आणि खरं सांगायचं तर गाळ्याचं भाडं कपांतून निघतच नाही. ते निघतं रविवारच्या वर्गातून, म्हणजे चाकासाठी येणाऱ्यांच्याच फीमधून. त्यामुळे कुणालाही मी चाकावरून उठवत नाही. वर्ग संपला की बादली आणि ओलं फडकं तेवढं हातात देते.