कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात तौलनिक साहित्य शिकायला येताय?

पुण्याहून आझाद हिंद घ्या की मुंबईहून गीतांजली, उतरायचं हावड्यालाच. जादवपूर तिथून बरंच दक्षिणेला. खोली ढाकुरिया, संतोषपूर किंवा बाघाजतीनकडे बघा. ऑटोने वर्गात पोचता येतं.

बंगाली लिपी मात्र घरूनच गिरवून या, हे अगदी आग्रहाने सांगतोय. शिकवणं इंग्रजीतून चाललं तरी तास संपल्यावर कँटीनमध्ये जी चर्चा रंगते ती बंगालीत. भाषा आपल्याला जड जात नाही. तत्सम शब्द ओळखीचे, आणि क्रियापद लिंगाप्रमाणे बदलत नाही. चुकलात तर लोक कौतुकाने सुधारतात. शिक्षकांच्या नावापुढे ‘दा’ (दादा) किंवा ‘दी’ (ताई) लावायची इथे रीत आहे. सुरुवातीला संकोच वाटतो, पण तो आदरच आहे.

देशातला हा पहिला तौलनिक साहित्य विभाग, कवी बुद्धदेव बसूंनी १९५६ साली उभारलेला. बंगाली लेखिका नवनीता देव सेन इथेच शिकल्या, इथेच शिकवू लागल्या.

आता मुख्य गोष्ट. आपली मुलं इथे येऊन ग्रीक नाटकं आणि युरोपीय कादंबऱ्यांत इतकी रमतात की मराठी मागे पडते. तसं होऊ देऊ नका. मराठ्यांच्या बंगालवरच्या स्वाऱ्या आपण शाळेत दोन ओळींत उरकतो. इथे बाळाला निजवताना अजूनही ‘बर्गी’, म्हणजे मराठा घोडेस्वार, आल्याचं गाणं म्हणतात. गंगारामाचं अठराव्या शतकातलं बंगाली काव्य ‘महाराष्ट्र पुराण’ जरूर वाचा: पृथ्वीवर पाप वाढलं म्हणून शंकराच्या इच्छेने मराठे येतात, आणि त्यांचे अत्याचार पाहून देवी त्यांच्यावर उलटते. शेवट मराठ्यांचे सेनानी भास्करपंत यांच्या हत्येचा. आपल्या माणसांची ती वर्णनं वाचताना त्रास होतो. होऊ द्या.

मग १९०४ साली ह्याच भाषेत रवींद्रनाथ ‘शिवाजी उत्सव’ ही कविता लिहितात. त्यामागे प्रेरणा सखाराम गणेश देऊस्करांची; मूळचे मराठी, आताच्या झारखंडातल्या देवघर भागात वाढलेले, आणि लेखन बंगालीत. दीडशे वर्षांत बर्गीचं भय जाऊन शिवाजीचा गौरव कसा आला? हा प्रश्न दोन्ही भाषांच्या आतून विचारू शकणारं तुमच्याखेरीज वर्गात बहुधा कुणी नसेल. प्रबंधाचा विषय शोधत फिरण्यापेक्षा इथून सुरुवात करा. रवींद्रनाथांचे थोरले बंधू सत्येंद्रनाथ ठाकूर यांनी तुकोबांचे अभंग बंगालीत नेले, तेही गाथा शेजारी ठेवून वाचण्यासारखं काम आहे. म्हणून गाथा सोबत आणाच.

अलीपूरच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं सभासदत्व पहिल्या महिन्यातच घ्या, तिथे मराठी पुस्तकंही आहेत. मराठी बोलावंसं वाटलं तर हाजरा रोडवर महाराष्ट्र निवास आहे. दुर्गापूजेच्या सुट्टीत घरी जायचं असेल तर आरक्षण उघडेल त्याच दिवशी तिकीट काढा, नंतर मिळत नाही. पण जमलं तर पहिल्या वर्षीची पूजा इथेच करा.