दोन मोठ्या नावांचा अल्बम कसा पारखावा

मी हळदी-गणपतीत साउंड लावतो, त्यामुळे कुठलंही गाणं आधी बेसवरून मोजायची वाईट खोड आहे. भाच्याने जे-झी आणि कान्ये वेस्ट या दोन अमेरिकन रॅपरचा ‘वॉच द थ्रोन’ आणला तेव्हा तेच झालं. पॅरिसच्या नावाचं ते गाणं अठरा इंची बेसवर लावलं, मंडपाचे पत्रे थरथरले आणि मी जाहीर करून मोकळा झालो, "अल्बम जबरी!" बाकीची अकरा गाणी ऐकलीसुद्धा नव्हती. तुम्ही तसं करू नका.

आधी गाजावाजा बाजूला काढा. ऑगस्ट २०११ मध्ये हा अल्बम आला. त्या काळात मोठे अल्बम तारखेआधीच इंटरनेटवर फुटायचे. हा फुटला नाही, याचीच बातमी झाली. कव्हर सोनेरी, फॅशनवाल्या रिकार्डो टिशीचं. अमेरिकेत पहिल्या आठवड्यात ४ लाख ३६ हजार प्रती खपल्या. यावरून नावं केवढी मोठी ते कळतं, आणि ते तर आधीच माहीत होतं.

मग सलग ऐका. १२ गाणी, साधारण ४६ मिनिटं. डोंबिवलीहून फास्ट पकडली तर दादरच्या आसपास संपतो. शफल बंद. जादा चार गाण्यांची डिलक्स आवृत्ती तूर्त राहू द्या.

दुसऱ्या फेरीत दोघांपैकी एकाला मनातल्या मनात म्यूट करा. जुगलबंदीत दोघं एकमेकांचं ऐकतायत की आपली पाळी येण्याची वाट बघतायत, हे बसलेल्याला लगेच कळतं. इथेही तसंच. ‘ओटिस’मध्ये आधी सोल गायक ओटिस रेडिंगच्या जुन्या आवाजाला मनसोक्त गाऊ दिलंय, मग दोघं थोड्या थोड्या ओळींनी माईक एकमेकांकडे सरकवत राहतात. ‘गॉटा हॅव इट’मध्ये तर एकाने टाकलेली ओळ दुसरा उचलतो. एकाला काढलं की गाणं लंगडं. आता ‘लिफ्ट ऑफ’ला हीच कसोटी लावा. गायिका बियॉन्सेचा आवाज आहे, रॉकेटची उलटी मोजणी आहे, पण गाणं संपल्यावर कोण काय बोललं ते आठवून दाखवा. मला जमलेलं नाही.

तिसऱ्या फेरीत शब्द वाचत ऐका. महागडी घड्याळं, गाड्या यांचा कंटाळा येणारच, मलाही आला. पण ‘मर्डर टू एक्सलन्स’पाशी थांबा. कान्ये तिथे इराकमध्ये मेलेले सैनिक आणि आपल्या शिकागोत मेलेली माणसं यांचे आकडे शेजारी शेजारी ठेवतो, आणि शिकागोचा आकडा मोठा निघतो.

आणि ‘न्यू डे’. संगीत रॅपर-निर्माता आरझेडएचं, त्यात जुनी गायिका नीना सिमोनचा आवाज ऑटोट्यूनमधून, म्हणजे सूर बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, पिळून काढलेला. दोघं अजून न जन्मलेल्या मुलाशी बोलतात. कान्ये स्वतःच्या चुका मोजतो: पोराला माझ्यासारखा अहंकार नको. जे-झी आधीच माफी मागून ठेवतो, माझ्या प्रसिद्धीने तुझं वाटोळं केलंय म्हणून. विषय एक, अपराध वेगवेगळे. असं गाणं एकट्याला करता आलं नसतं, म्हणूनच जोडी लागते. (पुढे दोघांनाही पहिली मुलगीच झाली.)

टाळ्यांवर जाऊ नका. जून २०१२ मध्ये पॅरिसच्या कार्यक्रमात यांनी ते पॅरिसचं गाणं दहापेक्षा जास्त वेळा वाजवलं. आपल्या संगीत नाटकांतही वन्समोअर असायचे. त्याने पद रंगलं हे कळायचं, नाटक कसं होतं ते नाही.

माझा हिशेब: बारापैकी सात गाणी कौतुकाला पुरून उरतात, तीन बरी, दोन नसती तरी चाललं असतं. भाच्याला हे पटत नाही.

हळदीत मात्र अजून पॅरिसच वाजतं. एकदा हौसेने ‘न्यू डे’ लावलं, तर नवऱ्यामुलाचे काका येऊन विचारून गेले, "जनरेटर बंद पडला का?"