किशोरवयीन वाचकाला पुस्तक सुचवताना

किशोरवयीन वाचकाला पुस्तक सुचवताना वय विचारण्याआधी त्याला अलीकडे कोणत्या गोष्टीने, मग ती मालिका असो वा चित्रपट, खिळवून ठेवले हे विचारावे आणि त्या आवडीला लागून असलेला साहित्यप्रकार निवडावा. रहस्याची ओढ असेल, तर आर्थर कॉनन डॉयल यांच्या शेरलॉक होम्सच्या लघुकथांपासून सुरुवात करणे सोयीचे ठरते, कारण त्यांतील प्रत्येक कथा एका बैठकीत वाचून होते. विज्ञानकथेसाठी एच. जी. वेल्स यांची १८९५ मधील 'द टाइम मशीन' ही छोटेखानी कादंबरी द्यावी. जाडजूड खंडांची मालिका पहिल्याच वेळी हाती ठेवणे मला तरी अविचाराचे वाटते. अ‍ॅन फ्रँक या ज्यू मुलीने रोजनिशी लिहायला घेतली तेव्हा ती अवघ्या १३ वर्षांची होती, त्यामुळे तिचा सूर या वयाला चटकन भिडतो. मात्र नाझी राजवटीची पार्श्वभूमी आणि त्या मुलीचा शेवट मोठ्यांनी आधी थोडक्यात सांगावा. कवितेचा आग्रह नको, संग्रह सहज दिसेल असा ठेवला तरी पुरे. एका वेळी वेगवेगळ्या प्रकारांची दोन-तीन पुस्तके समोर ठेवावीत आणि मन रमले नाही, तर पुस्तक अर्धवट सोडण्याची मुभा आहे, हे स्पष्ट सांगावे.